मिटलेली मूठ आणि पडीक शेत : साम्राज्यपतनाच्या विज्ञानकथांविषयी

निफाड येथील आमच्या रविवारच्या पाली वर्गात गेल्या वर्षावासात दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्ताचे वाचन चालले होते. चक्ररत्न जागेवरून ढळते, राजा आपल्या मनाने राज्य हाकू लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांचे आयुष्य, बळ व शील ओसरत जाते, हा भाग वाचून झाल्यावर एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे तर 'फाउंडेशन'च झाले की." तो शिक्षणाने अभियंता. आयझॅक असिमॉव्ह यांच्या कादंबरीमालेवर २०२१ साली सुरू झालेली दूरचित्रवाणी मालिका त्याने पाहिली होती. मूळ पुस्तके मी विद्यापीठात असताना वाचली होती, पण ही दोन नावे एका वाक्यात येतील असे कधी वाटले नव्हते. त्या दिवशी मी त्याला उडवाउडवीचे उत्तर दिले. पुढे पुस्तके पुन्हा काढून वाचली, तेव्हा प्रश्न वाटला होता तितका पोरकट नाही, हे ध्यानी आले. साम्राज्य कोसळल्यावर काय होते आणि ते कोणी सावरावे, हा दोन्हींचा विषय आहे. मात्र दोन्हींची उत्तरे परस्परविरुद्ध दिशांना जातात, आणि हा विरोध केवळ वाङ्मयीन नाही.

असिमॉव्ह यांना ही कल्पना १९४१ साली सुचली. गिबनने अठराव्या शतकात लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पहिली कथा मे १९४२ मध्ये एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाली. (त्यानंतर तीनच महिन्यांनी मुंबईत 'भारत छोडो'चा ठराव झाला, एक खरेखुरे साम्राज्य आपल्याकडे तेव्हाच डगमगू लागले होते.) या कथांची तीन पुस्तके १९५१ ते १९५३ या काळात निघाली. कथासूत्र थोडक्यात असे : आकाशगंगेतील अडीच कोटी वसलेल्या ग्रहांवर बारा हजार वर्षे एकच साम्राज्य नांदत आले आहे. हॅरी सेल्डन हा गणिती 'मनोइतिहास' नावाचे शास्त्र रचतो आणि सिद्ध करतो की हे साम्राज्य पडणारच, आणि नंतर तीस हजार वर्षांचे अराजक येणार. पतन टाळता येत नाही. अराजकाचा काळ मात्र एक हजार वर्षांपर्यंत आखूड करता येईल. त्यासाठी तो टर्मिनस या टोकाच्या ग्रहावर शास्त्रज्ञांची एक वसाहत स्थापतो. तीच 'फाउंडेशन'. दुसरी फाउंडेशन तो गुप्त ठेवतो.

या कथांचे सामर्थ्य आधी मान्य केले पाहिजे. सम्राट मेला आणि राज्य बुडाले, अशी सोपी गोष्ट असिमॉव्ह सांगत नाहीत. साम्राज्य कडेने झिजत येते. अनाक्रिऑनचा प्रांताधिपती स्वतःला राजा म्हणवू लागतो, शेजारचे तीन प्रांतही स्वतंत्र राज्ये होतात. राजधानीला ते कळते, पण सैन्य पाठविण्याची ताकद उरलेली नसते. अणुशक्तीची यंत्रे चालू असतात, परंतु बिघडली तर दुरुस्त करणारे कोणी उरत नाही. फर्माने निघत राहतात, दरबारी शिष्टाचार अधिकच काटेकोर होतात. ऱ्हासाच्या काळी बाह्य डौल वाढतो, हे त्यांनी अचूक टिपले आहे. सॅल्व्हर हार्डिन हा नगराध्यक्ष चार राजांना एकमेकांविरुद्ध तोलून धरतो, होबर मॅलो हा व्यापारी शस्त्राऐवजी मालाची आवक तोडून युद्ध जिंकतो. राजकारणाची एवढी समज पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्यांतही आढळत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. सेल्डनच्या शास्त्राच्या दोन अटी आहेत. लोकसमुदाय प्रचंड असला पाहिजे, ही पहिली. त्या लोकांना भाकिताची कल्पना असता कामा नये, ही दुसरी. एका माणसाच्या चेतनेला या गणितात स्थान नाही. आणि समुदायाला आपले भविष्य ठाऊक झाले तर गणितच ढासळते. म्हणून सेल्डन आपल्या वसाहतीलाही खरे सांगत नाही. विश्वकोश तयार करण्यासाठी तुम्हाला येथे आणले आहे, असे तो शास्त्रज्ञांना पन्नास वर्षे समजू देतो. मग बंद दालनात त्याची ध्वनिमुद्रित प्रतिमा प्रकट होऊन विश्वकोश हे निमित्त होते असे जाहीर करते. हार्डिन शेजारच्या राज्यांना अणुशक्ती देतो ती धर्माच्या वेष्टनात : यंत्रे चालविणारे पुरोहित मंत्र म्हणतात, कळ दाबतात, आतले तत्त्व मात्र त्यांनाही ज्ञात नसते. दुसरी फाउंडेशन तर लोकांची मनेच त्यांच्या नकळत वळवते.

पालीच्या अभ्यासकाला येथे एक शब्द आठवल्यावाचून राहत नाही : आचरियमुट्ठि. महापरिनिब्बानसुत्तात भगवान बुद्ध वेळुवगामकाच्या आजारानंतर आनंदाला सांगतात की तथागताजवळ आचार्याची मिटलेली मूठ नाही. आतले एक आणि बाहेरचे एक असा भेद न ठेवता धम्म सांगून झाला आहे. आनंदाला भिक्खुसंघासाठी अखेरची काही व्यवस्था हवी असते. आपल्यामागे कोणी अधिपती नेमला जाणार नाही, हे त्याला उमगते. संस्थापक जाण्याच्या क्षणी त्याच्या हाती काय असावे, या प्रश्नाला येथे मिळालेले उत्तर सेल्डनच्या उत्तराच्या अगदी उलट आहे. सेल्डन आपली मूठ मिटूनच मरतो, आणि हजार वर्षे ती एकेक बोट उघडत राहते. असिमॉव्ह यांना यातली अडचण जाणवली नव्हती असे नाही. म्यूल नावाचा, गणितात न बसणारा एक माणूस त्यांनी १९४५ साली आणला आणि योजना मोडून दाखविली. पण मोडलेली योजना दुरुस्त कोण करते? आणखी एक मिटलेली मूठ.

आक्षेपाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. राजधानीचा ग्रह ट्रॅन्टॉर पूर्णपणे धातूने मढविलेला आहे. तेथे चाळीस अब्जांहून अधिक माणसे राहतात, बहुतेक सगळी राज्यकारभारात गुंतलेली. त्यांच्या ताटात अन्न येते ते वीस कृषिग्रहांवरून, हजारो जहाजांतून. असिमॉव्ह हे एका वाक्यात सांगतात आणि पुढे जातात. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या रचताना पाहिलेल्या, द्राक्षांच्या पेट्या दूरदेशी जाताना पाहिलेल्या निफाड तालुक्यातील वाचकाला या वाक्यावर थांबावेसे वाटेल. ट्रॅन्टॉरची लूट झाली, ग्राहक नाहीसा झाला, जहाजे थांबली. तेव्हा त्या वीस ग्रहांवरच्या शेतकऱ्यांचे काय झाले? साम्राज्याची वसुली संपल्याने ते सुखी झाले, की कुजणाऱ्या धान्याकडे पाहत बसले? तिन्ही पुस्तकांत याचे उत्तर नाही. प्रश्नच नाही.

लुटीनंतरच्या ट्रॅन्टॉरवर मात्र शेतकरी दिसतात. तो भाग साऱ्या मालेत मला सर्वांत प्रिय आहे. उरलेली माणसे धातूचे कवच उखडून खालची माती उघडी करतात, तो धातू बाहेरच्या जगांना विकून बियाणे व जनावरे घेतात, आणि बारा हजार वर्षांच्या राजधानीवर नांगर चालू लागतो. कारकुनांच्या ग्रहावर पुन्हा कुणब्यांची वस्ती होते. येथे लेखकाने पाचपन्नास पाने अधिक खर्च केली असती तर! पण कथा लगेच विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे वळते. पुढे तिसऱ्या पुस्तकात प्रीम पॅल्व्हर नावाचा, शेतकरी सहकारी संस्थेचा एक प्रेमळ व्यापारी प्रतिनिधी भेटतो. युद्धाने वेढलेल्या टर्मिनसला तो धान्य पोहोचवितो. अखेर एक शेतकरी इतिहासाच्या मध्यभागी आला, असे वाचकाला वाटते. आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी कळते की हा मनुष्य म्हणजे गुप्त फाउंडेशनचा प्रमुखच, शेतकऱ्याचा वेष घेतलेला. रहस्यकथा म्हणून ही कलाटणी उत्कृष्ट आहे. पण या महाकथेत इतिहास घडविणारा एकमेव ठळक शेतकरी शेतकरी नसतोच, हे तिच्या दृष्टीविषयी पुष्कळ सांगून जाते.

चक्कवत्तिसीहनादसुत्तात पतनाचे कारण आकारमान नाही, जडत्व नाही, ज्ञानाचा लोपही नाही. चक्ररत्न हे बापाकडून मिळणारे दायाद्य नव्हे, ते चक्रवर्तीच्या व्रताने मिळवावे लागते, असे राजर्षी आपल्या मुलाला आरंभीच बजावतो. (नव्या दूरचित्रवाणी मालिकेत सम्राटच स्वतःच्या शरीराच्या प्रतिकृती पिढ्यान्‌पिढ्या गादीवर बसवितो, ही मूळ पुस्तकांत नसलेली भर आहे. दायाद्याचे इतके टोकाचे रूप या सुत्ताशेजारी ठेवण्यासाठीच कोणी रचले असावे, असे गमतीने वाटते.) सात चक्रवर्तींनंतर गादीवर आलेला राजा राजर्षीला विचारीत नाही. पुढे अमात्यांकडून व्रत समजून घेतो आणि रक्षणाची व्यवस्थाही धर्माप्रमाणे लावतो. म्हणजे कायदा व सुव्यवस्था आहे. एकच गोष्ट राहते : निर्धनांना धन दिले जात नाही. तेथून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी. पहिला चोर राजापुढे येतो आणि जगता येत नाही म्हणून चोरी केली, असे सांगतो. राजा त्याला धन देतो. हे दान कर्तव्य म्हणून आधी झाले नाही, गुन्ह्यानंतर झाले. त्यामुळे चोरी केली की धन मिळते, असा लोकांचा समज होतो. मग राजा घाबरून शिरच्छेदाकडे वळतो. ते पाहून लोकही धारदार शस्त्रे घडवितात, आणि गावे, नगरे, वाटा लुटल्या जाऊ लागतात. राज्यसंस्था आपल्या हिंसेने प्रजेला हिंसा शिकविते, हे इतक्या थोडक्यात मांडणारे प्राचीन वाङ्मय माझ्या वाचनात दुसरे नाही.

आयुर्मान ऐंशी हजार वर्षांवरून दहा वर्षांपर्यंत घसरते. कुद्रूसक हे हलके धान्य पक्वान्न ठरते, 'कुशल' हा शब्दच नाहीसा होतो, आणि सात दिवसांचा शस्त्रकल्प येतो, ज्यात माणसांना एकमेकांच्या जागी पशू दिसतात. पुनर्रचना कोण करते, हे येथे पाहण्यासारखे आहे. काही माणसे गवताच्या दाटीत, रानात, झाडांच्या ढोलीत, नदीच्या दुर्गम जागी कंदमुळांवर सात दिवस काढतात; बाहेर येऊन एकमेकांना मिठी मारतात, आणि आपण जिवंत राहिलो याचाच हर्ष करतात. मग आपसांत बोलून ठरवितात की आपण प्राणघातापासून विरत होऊ. या निर्णयात गुप्त असे काहीच नाही. जे ठरविणारे तेच पाळणारे.

केवळ सुत्ताची बाजू घेऊन असिमॉव्ह यांना खाली बसविणे हा माझा हेतू नाही. सुत्तातही उणीव आहे. त्या माणसांनी नंतर धान्य कसे वाटले, तंटे कोणी सोडविले, पाणी कसे फिरविले, यांविषयी ते मूक आहे. शील वाढत गेले, आयुष्य वाढत गेले, एवढेच सांगते. त्या दृष्टीने कूटदंतसुत्तातील पुरोहिताचा सल्ला अधिक व्यवहारी आहे : चोरांना वध, बंधन, दंड यांनी आवरता येणार नाही, शेती व पशुपालन करणाऱ्यांना बी व चारा द्यावा, व्यापार करणाऱ्यांना भांडवल, राजसेवकांना अन्न व वेतन. सेल्डनच्या बंद दालनातून कोणत्याही संकटप्रसंगी बियाण्याचा उल्लेख ऐकू येत नाही.

मराठीत आकाशगंगेच्या साम्राज्याच्या पतनावरची, इतक्या मोठ्या पटाची कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. जवळची म्हणावी अशी कथा आहे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिच्यात ग्रह नाहीत, पण साम्राज्य आहे, आणि त्याचे पडणे व न पडणे आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर एका पर्यायी जगात पोहोचतात. त्या जगात पानिपतावर विश्वासरावाला गोळी लागलेली नाही, मराठे जिंकले आहेत, ईस्ट इंडिया कंपनी मुंबई, कलकत्ता व मद्रास यांच्या आसपासच अडकून पडली आहे. पेशवे युरोपातील विज्ञानाचे महत्त्व ओळखून केंद्रे काढतात, दिल्लीची नामधारी गादी राहू देतात, आणि विसाव्या शतकात सत्ता हळूहळू लोकनियुक्त संस्थांकडे जाते. सूक्ष्म कारणाने स्थूल परिणाम कसा पालटतो, हे भौतिकशास्त्राच्या आधारे नारळीकरांनी मोठ्या सफाईने दाखविले आहे. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, आणि मे २०२५ मध्ये ते गेले. आपल्या भाषेत विज्ञानकथेला प्रतिष्ठा देण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

म्हणूनच या कथेला एक प्रश्न विचारावासा वाटतो. पेशवाई टिकली, विज्ञान आले, लोकशाही आली. गावकुसाबाहेरच्या वस्तीचे काय झाले? प्रयोगशाळेच्या दारातून कोणाला आत घेतले गेले? लोकशाही या जगात जणू ऋतूप्रमाणे आपोआप येते. छोट्या कथेकडून सर्वच अपेक्षिणे अन्यायाचे होईल, हे मला मान्य आहे. पण साम्राज्य राहिले की गेले, या प्रश्नाइतकाच त्याच्या तळाशी काय बदलले हा प्रश्न मोलाचा असतो. मौर्य साम्राज्याच्या पतनाकडे पाहताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तोच केंद्रस्थानी ठेवला होता. 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' हे त्यांचे अपुरे हस्तलिखित १९८७ साली प्रसिद्ध झाले. पुष्यमित्राने शेवटच्या मौर्याला मारले, ही सेनापतीच्या बंडाची हकीकत ते तेवढ्यावर सोडत नाहीत. तिच्यामागून कोणती समाजव्यवस्था आली, याचा शोध घेतात.

आमच्या तालुक्यापुरते बोलायचे तर पानिपताचा एक धागा विंचूरला पोहोचतो. विठ्ठल शिवदेव विंचूरकर त्या रणात होते आणि जिवंत परतले. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी विंचूरकरांचे घराणे इंग्रजी अमलात सरदार म्हणून नांदत राहिले. असिमॉव्हच्या अनाक्रिऑनचा अधिपती राजा झाला, येथे सरदाराने धनी बदलला. मधल्या फळीचे लोक साम्राज्यापेक्षा चिवट असतात, हे दोहोंतही खरे. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १८४२ मध्ये, निफाडातच जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयाचा ग्रंथ १९०० साली लिहिला. तो उदय एका पुरुषाचा पराक्रम किंवा अकस्मात भडकलेला वणवा नव्हता, संतांपासून सामान्यांपर्यंत सर्वांनी त्याची भूमी तयार केली होती, असा त्यांचा पक्ष आहे. तो सर्वस्वी मान्य नसलेलेही हे कबूल करतील की विश्वासरावाच्या कानाजवळून गेलेल्या एका गोळीवर इतिहास टांगण्यापेक्षा ही दृष्टी खोल आहे.

या साऱ्या वाचनात मला वारंवार आठवत राहिला तो निफाडहून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील एक लेख. त्यामागची हकीकत अशी. क्षहरात क्षत्रप नहपान याची सत्ता या प्रदेशावर होती. त्याचा जावई उषवदात याने लेणे क्रमांक १० भिक्खुसंघाला दिले आणि गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. मग गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. त्याच्या आईच्या लेखात या उच्छेदाचा अभिमानाने उल्लेख आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. नाणे तेच, चांदी तीच, ठसा दुसरा. सत्तांतराची इतकी बोलकी वस्तू कोणत्याही विज्ञानकथाकाराला हेवा वाटावी अशी आहे.

पण मी म्हणतो तो लेख नाण्यांविषयी नाही. लेणे क्रमांक ३ मध्ये, आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी, विजयी सैन्याच्या छावणीतून गौतमीपुत्र गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा देतो : काखडी गावातील जे शेत उसभदाताकडे होते, त्यातील दोनशे निवर्तने येथील भिक्खूंना द्यावीत. हा उसभदात म्हणजे तोच जावई, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच भिंतीवर, त्या आज्ञेच्या खाली, चोविसाव्या वर्षाचा दुसरा लेख आहे. राजा आणि राजमाता मिळून कळवितात की काखडी गावी भिक्खूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही. सबब नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून त्यांना शंभर निवर्तने द्यावीत, आणि त्या जमिनीत कोणी शिरू नये, कोणी तिला हात लावू नये.

लेख प्राकृतात आहे. पालीच्या विद्यार्थ्याला थोड्या सरावाने वाचता येतो. विजयाला सहा वर्षे झाली होती. राजा शूर होता, प्रशासन जागच्या जागी होते, आज्ञा लिहिल्या जात होत्या, दगडावर कोरल्या जात होत्या. गाव मात्र ओस होते. तेथून कोण निघून गेले, कोठे गेले, नांगर कोणाचा थांबला, हे कोरणाऱ्याने लिहिलेले नाही. पण शेत पडीक आहे, एवढे त्याने लपविलेही नाही. पुढच्या महिन्यात वर्गाची सहल त्रिरश्मीला जाणार आहे, तेव्हा आमच्या अभियंता विद्यार्थ्याला मी आधी या भिंतीपुढेच उभा करणार आहे.